पाठमोरा हार्मा

१

मंगळवारी सकाळी गणिताचा तास सुरू व्हायच्या आधीच सगळ्या वर्गाला खुनी कोण ते कळलं होतं.

खून अर्थातच गेममधला. 'राखेचा धक्का' शुक्रवारी बाजारात यायचा होता. उत्तर फिनलंडमधल्या आमच्या या बंदराच्या गावात कागदाची गिरणी बंद पडली, त्यानंतर इथे बनलेली, बाहेर कुणाला सांगावी अशी ही एकमेव वस्तू. कूरा नावाच्या अकरा माणसांच्या कंपनीनं जुन्या दूधडेअरीत बसून ती बनवली. आणि तिची एक प्रत, गावातली पोरं म्हणून, जगाच्या आधी आम्हाला दिली. आम्ही म्हणजे 'तळघर', युवाकेंद्रातून निघणारा आमचा गेमवरचा अंक. अट साधी होती. शुक्रवारपर्यंत परीक्षण छापायचं नाही, आणि शेवट तर कधीच फोडायचा नाही.

मंगळवारी 'तळघर'च्या पानावर परीक्षण झळकत होतं. तिसऱ्याच वाक्यात शेवट: खुनी म्हणजे हार्मा या पोलिसाचा स्वतःचा जोडीदार. गुण, चार. आम्ही शाळेसारखेच चार ते दहा देतो, चारच्या खाली जमीन नाही. आणि सगळ्यात खाली नाव होतं, साइमी कोर्तेस्लुओमा.

साइमी माझ्याच बाकावर बसून पेन्सिलीचं टोक बघत होती.

"हे तू लिहिलंस?" मी विचारलं.

"असेल."

"असेल म्हणजे काय गं? लिहिलंस की नाही?"

"नाव माझंच आहे ना. मग असेल."

एप्रिलमध्ये तिची आई गेली. तेव्हापासून साइमीकडे हा एकच शब्द उरलाय. भूक लागलीय का? असेल. थंडी वाजतेय का? असेल. रडत तर ती कधी नाहीच. बर्फात फार वेळ ठेवलेल्या बोटांसारखी झालीय. टोचलं तरी कळत नाही.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका मार्केट्टानं तिला बोलावलं. (आमच्याकडे शिक्षकांनाही नावानं आणि 'तू' म्हणूनच बोलतात.) मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेले. नववीत शाळा प्रत्येकाला दोन आठवडे कुठेतरी कामावर धाडते. बहुतेक जण दुकानात जाऊन दुधाचे डबे रचतात. साइमीनं कूरात जागा मागितली होती आणि ती मिळालीही होती. एप्रिलनंतर तिनं स्वतःहून मागितलेली तेवढी एकच गोष्ट.

"कूरानं कळवलंय," मार्केट्टा म्हणाली, "की आता तू येऊ नकोस."

"बरं," साइमी म्हणाली आणि निघाली.

बरं! मला इतका राग आला की माझं तोंड आपोआप उघडलं. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात 'हजर'सुद्धा कुजबुजून म्हणायचे, हे लक्षात घ्या. "मार्केट्टा, हे तिनं केलेलं नाही. कोणी केलं ते मी तुला शुक्रवारच्या आत सांगते."

मार्केट्टानं चष्मा काढला. "म्हणजे तुला माहीत आहे?"

"अजून नाही."

२

युवाकेंद्र शाळेच्या मागच्या तळघरात आहे. दारात बूट काढायचे, मोज्यांवर आत जायचं. आत दोन सोफे, गेमचं यंत्र, कोपऱ्यात एक संगणक, भिंतीवर बाण फेकायची तबकडी, आणि एन्सिओ.

एन्सिओ केंद्र चालवतो. चाळिशीतला आहे, पण आमच्याच वयाचा असल्यासारखा सोफ्यावर आडवा होतो. उन्हाळ्यात गावच्या हौशी नाटकात काम करतो. गेल्या वर्षी पहिल्या अंकातच मरणारा पोलीस झाला होता, आणि मेल्यावर इतका छान पडून राहिला की माझ्या आजीनं टाळ्या वाजवल्या. मला बोलायला लावलं ते त्यानंच. गेल्या वर्षी लॉटरीच्या खेळात आकडे पुकारायला माझ्या हातात माइक कोंबला आणि म्हणाला, "पिह्ला, चुकलीस तर चूकसुद्धा मोठ्यानं बोल." बाण फेकायलाही त्यानंच शिकवलं.

मी गेले तेव्हा तो बाणच फेकत होता. पहिला भिंतीत घुसला.

"आधी जागा तरी हो एन्सिओ, मग फेक!" सोफ्यावरून याल्मारी ओरडला. याल्मारी म्हणजे आमच्या वर्गातला, सगळं खेळून झालेला, सगळं माहीत असलेला आणि दोन्ही मोज्यांना भोकं असलेला मुलगा.

मी कामाला लागले. 'तळघर'चा एक नियम आहे, त्याला आम्ही 'दुसरी नजर' म्हणतो. लिहिणाऱ्याला आपला लेख आपण छापता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी वाचून बटण दाबायचं, मगच तो पानावर जातो. या महिन्यात दुसरी नजर दोघांकडे होती, एन्सिओकडे आणि याल्मारीकडे. आणि लिहायचं फक्त कोपऱ्यातल्या संगणकावर. साइमी उठताना आपलं खातं बंद करायचं नेहमी विसरते. म्हणजे त्या खुर्चीत बसेल तो साइमी.

"बटण मी दाबलं," एन्सिओ स्वतःच म्हणाला. "सोमवारी संध्याकाळी सगळे साचलेले लेख न वाचता पुढे ढकलले. तेवढी चूक माझी. मार्केट्टालाही सांगितलंय."

"पण लिहिलं कोणी?"

त्यानं दुसरा बाण उचलला. "ते मला काय विचारतेस? खाली नाव आहे."

मी संगणकात शोधलं. साइमीच्या मसुद्याची आधीची प्रत संगणकानं जपून ठेवली होती. अर्धं पान, सात गुण, शेवटाबद्दल एक शब्द नाही. तोच मसुदा सोमवारी कुणीतरी पुसून नव्यानं लिहिला होता. मी धावत साइमीकडे गेले, ती म्हणाली, "मन बदललं असेल माझं. हल्ली मला आठवत नाही."

मग मी ते छापलेलं परीक्षण पुन्हा वाचलं. खरं सांगू? मला हेवा वाटला. एक वाक्य तर असं होतं:

"चाप ओढताना हार्माची डावी पापणी अर्धी मिटते, जणू उरलेल्या माणसाच्या आधी तीच दमून झोपी गेली आहे."

असं वाक्य मला जन्मात सुचायचं नाही. रात्री झोपेपर्यंत मी ते घोळवत होते. त्या वाक्यात काहीतरी चुकलंय, एवढंच कळत होतं.

३

बुधवारी जेवणाच्या वेळी मी याल्मारीसमोर ताट आदळलं.

"आली फौजदारीण," तो म्हणाला. "हातकडी आणलीस का?"

"परीक्षण तुला लिहायचं होतं, खरं ना?"

"हो. मग?"

"आणि ते साइमीला मिळालं."

"मिळालं, कारण सगळ्यांना तिची दया येते. मलाही येते." त्यानं बटाटा चिरडला. "पण मी जळून लिहिलं असतं ना, तर चार दिले नसते. नऊ दिले असते. मी दोनदा संपवलाय तो गेम, सगळ्यात अवघड पातळीवर. पोटमाळ्यावरची ती गोळीबाराची जागा आहे ना? भिंतीचे टवके उडतात, धुरात समोरचं दिसत नाही, पलीकडे फक्त कुणीतरी खोकतंय... कसलं भारी केलंय! चार कोण देतं?"

"आणि हार्मा? हार्मा आवडला?"

"त्यात आवडायचंय काय? बाई, सबंध गेमभर आपण त्याच्या मागं असतो. पाठ, पाठ आणि पाठ. त्या कोटाची मागची शिवण मला माझ्या आजीपेक्षा ओळखीची झालीय."

मी तो गेम अजून खेळले नव्हते. माझा काटा हातातच राहिला. "चेहरा कधी दिसतच नाही?"

"नाही."

"आरशात?"

"सगळे आरसे फुटके आहेत. तीच तर गंमत आहे."

"अगदी शेवटी?"

"शेवटी समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. बर्फ पडतो. संपलं."

"मग याल्मारी," मी म्हणाले, "त्याची डावी पापणी मिटते हे कुणी बघितलं?"

याल्मारी चावायचा थांबला.

४

शाळा सुटल्यावर आम्ही तिघं गेमसमोर बसलो. साइमीला मी ओढतच आणलं होतं. बाहेर तीनलाच अंधार पडला होता.

याल्मारीला एक युक्ती माहीत होती. अशा गेममध्ये आपली नजर माणसाच्या मागे थोडं अंतर ठेवून चालते. माणसाची पाठ भिंतीला लावली की नजरेला मागे जागाच उरत नाही, ती पुढे सरकते आणि कधीकधी थेट त्याच्या डोक्यात शिरते. त्यानं हार्माला बंदरावरच्या टेलिफोनच्या खोक्यात नेलं आणि काचेला रेटत राहिला.

नजर अडकली, थरथरली आणि कॉलरमधून आत गेली.

आत काहीच नव्हतं. खरंच काही नव्हतं. दोन बुबुळं आणि दातांची एक ओळ हवेत तरंगत होती. गाल नाही, नाक नाही, पापणी तर नाहीच. त्यांच्यामधून पलीकडचा समुद्र दिसत होता.

"जे दिसणार नाही ते कशाला बनवतील?" याल्मारी म्हणाला. "फुकटचं ओझं."

"आत कुणी नाही," साइमी म्हणाली. दोन दिवसांत तिनं स्वतःहून काढलेले हे पहिले शब्द.

"बंद करा ते."

आम्ही तिघांनी वळून बघितलं. दारात एन्सिओ कॉफीचा मग धरून उभा होता. तो कधीच असं बोलत नाही. पडद्यावर दात तरंगत होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता. कॉफी त्याच्या मोज्यावर सांडत होती, तरी त्याला कळत नव्हतं.

"एन्सिओ, पाय," मी म्हणाले.

"हं?" त्यानं खाली बघितलं. "अरे हो."

५

चेहरा गेममध्ये नव्हता, पण कधीतरी, कुठेतरी असणार. नाहीतर ती पापणी आली कुठून? आणि असा चेहरा बघितलेली माणसं असतील तर ती कूरातच. म्हणजे परीक्षण कूराच्याच कुणीतरी लिहिलं? खूश होऊन मी संध्याकाळीच हिल्काकडे गेले. गेमची गोष्ट तिनं लिहिलीय. दार तिनं कुबडी टेकत उघडलं, एक पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

"ऑक्टोबरमध्ये कचरा टाकायला गेले आणि बर्फावर घसरले," ती म्हणाली. "तेव्हापासून या मजल्यावरून खाली उतरले नाही. लिफ्ट नाही ना. बूट तिकडे काढ. खारट काळी गोळी खाणार?"

झालं, माझी पहिली संशयित जागच्या जागी निर्दोष. कोपऱ्यातल्या त्या खुर्चीपर्यंत ती पोचलीच नसती. मी तोंडात गोळी टाकली आणि तिला ते वाक्य वाचून दाखवलं.

हिल्कानं ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"आम्ही सगळे शेवट फुटला म्हणूनच चिडलो होतो," ती म्हणाली. "हे वाक्य कुणी नीट वाचलंच नाही. मीसुद्धा."

"म्हणजे चेहरा होता?"

"होता. सगळ्यात आधी चेहराच बनला. गावातल्याच एका माणसाला बोलावलं, चेहऱ्यावर ठिपके लावले, नेम धरायला लावला, धावायला लावलं. आणि शेवटच्या दृश्यात तो वळून आपल्याकडे बघणार होता. ते वळणं त्याला जमत नव्हतं. दुपारभर वळत राहिला बिचारा. जमलं तेव्हा आमच्यातले दोघं रडले." तिनं प्लास्टरवर बोट फिरवलं. "मग वसंतात ठरलं की चेहरा दाखवायचाच नाही. पाठमोराच बरा. माझंच म्हणणं होतं ते, आणि अजूनही आहे."

"आणि त्या माणसाला?"

"सांगायचं काम माझ्याकडे होतं." ती खिडकीकडे बघत होती. "आज सांगू, उद्या सांगू केलं. मग पडले. मग लाजच वाटायला लागली. जाहिरात बंदराच्या फाटकावर लागणार का, म्हणून विचारत होता तो. त्याची आई रोज त्याच फाटकावरून बसनं जाते."

"कोण तो?"

"नाव सांगता येणार नाही. करार आहे."

"आणि पापणी?"

हिल्कानं स्वतःच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला. "ती तर आम्हाला फारच आवडली होती. नेम धरताना मिटायची. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. आम्ही पडद्यावर दाखवलं तेव्हा कळलं."

नेम धरताना.

मी जिना उतरले. घरी कशी गेले ते आठवत नाही. आधी जागा तरी हो एन्सिओ, मग फेक.

६

गुरुवारी शाळेत वाटाण्याचं सूप असतं. मी ते खाल्लं, पण चव लागली नाही. दुपारी मार्केट्टाला घेऊन तळघरात गेले. साइमी आणि याल्मारी आधीच आले होते. एन्सिओ सोफ्यावर होता, पण आडवा झालेला नव्हता.

आदल्या रात्री मी आरशासमोर भाषणाची तयारी केली होती. टाळी वाजेल अशा जागासुद्धा काढून ठेवल्या होत्या. उभी राहिले आणि त्यातलं एकही वाक्य मला नको झालं.

"ज्यानं परीक्षण लिहिलं त्याला दोन गोष्टी साधायला हव्यात," मी म्हणाले. "त्याला या खुर्चीत बसता यायला हवं. आणि त्यानं हार्माचा चेहरा बघितलेला हवा. साइमी इथे बसते, पण चेहरा तिनं बघितलेला नाही, तो गेममध्ये नाहीच. याल्मारीचंही तेच. हिल्कानं चेहरा बघितलाय, पण ती महिनाभर तिसऱ्या मजल्यावरून उतरलेली नाही, आणि कूरातलं दुसरं कुणी या तळघरात येत नाही."

"मग राहिलं कोण?" मार्केट्टानं विचारलं.

मी तबकडीवरचा एक बाण काढला. "एन्सिओ," मी म्हणाले, "एक फेक ना."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं, आणि मला कळलंय हेही त्याला कळलं होतं. नाही म्हणता आलं असतं. पण तो उठला, बाण घेतला, रेषेवर उभा राहिला आणि नेम धरला.

डावी पापणी हळूहळू अर्ध्यावर आली आणि तिथेच थांबली.

"आई शप्पथ," याल्मारी पुटपुटला.

एन्सिओनं बाण फेकला नाही. टेबलावर ठेवला.

"सोमवारी साइमी शेवटचा भाग खेळत होती," तो म्हणाला. "मी मागे उभा होतो. म्हटलं, आता वळेल. मी वळलो होतो, पिह्ला, खूप छान वळलो होतो. तो वळलाच नाही. नावं वर सरकत गेली, त्यात माझं नव्हतं. सगळे घरी गेल्यावर मी या खुर्चीत बसलो. तिचा मसुदा उघडाच होता. त्यातच लिहीत गेलो."

"रागानं?" मार्केट्टानं विचारलं.

"राग आला असता तर बरं झालं असतं. काहीच वाटत नव्हतं. बटणही तसंच दाबलं, दिवा मालवावा तसं."

"आणि मंगळवारी?" हे मी विचारलं. माझा आवाज मोठा होता. मोठ्यानं बोलायला मला त्यानंच शिकवलं होतं.

"मंगळवारी सांगणारच होतो. पण साइमी 'असेल' म्हणाली." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग सोपं झालं."

मग साइमी म्हणाली, अगदी सपाट आवाजात:

"मला खरंच वाटलं की मीच केलं. मी रात्री उठून डोक्याला हात लावून बघायचे, की अजून काय काय करते मी आणि मला कळत नाही."



मला वाटलं होतं, खुनी सापडला की छाती भरून येईल. आली नाही. मी बाण उचलून तबकडीत परत खोचला, आणि हात खिशात घातले, कारण त्यांचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

चूक त्यानं एवढीशीच केली होती. इतकी वर्षं आपल्याच चेहऱ्याच्या आत राहतोय, तेव्हा तो सगळ्यांना दिसतच असणार, असं तो धरून चालला.

७

कूराला फोन त्यानं स्वतःच केला, मार्केट्टासमोर. दुसऱ्या आठवड्यापासून तो आला नाही. आता केंद्र तेल्लेर्वो नावाची बाई चालवते. ती बरी आहे. सोफ्यावर सरळ बसते.

परीक्षण मी लिहिलं. आठ गुण दिले. लिहिलं की गोळीबार झकास आहे, गाडी चालवणं भंगार आहे, आणि हा गेम तुम्हाला एका बधिर माणसाच्या मागे चालायला लावतो, इतका वेळ की त्याची पाठ दिसेनाशी झाली तर एकटं वाटायला लागतं. शेवट फोडला नाही. पापणीबद्दलही काही लिहिलं नाही.

साइमीला कूरात जागा परत मिळाली. तिचं काम म्हणजे हार्माला भिंतींवर रेटायचं आणि नजर कुठे आत शिरते ते शोधायचं. टेलिफोनचं खोकं तिनं पहिल्याच दिवशी दाखवलं. हिल्का म्हणते, इतक्या चिकाटीनं बघणारं माणूस त्यांच्याकडे नव्हतं.

काल ती कामावरून परस्पर तळघरात आली. याल्मारी सोफ्यावर झोपला होता, नवे मोजे घालून. मी बाण फेकत होते. साइमी बूट काढून भिंतीला टेकली आणि माझ्याकडे बघत राहिली. तशी ती एप्रिलपासून कुणाकडेच बघत नाही.

"तुझीपण मिटते," ती म्हणाली.

"काय?"

"पापणी. डावी. नेम धरताना."

बाण माझ्या हातात होता. एन्सिओच्याच शेजारी उभी राहून शिकले होते मी, वर्षभर, मंगळवारी आणि गुरुवारी.

"असेल," मी म्हणाले.